डोळ्यावरचे भिंग : काचेपासून जलजेलपर्यंत

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईलगत असलेली हथखोज ही वसाहत अवजड उद्योगांची म्हणून परिचित आहे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने जे अनेक पूरक उद्योग या परिसरात वाढले, त्यांत फॅब्रिकेशनची कामे आणि यंत्रशाळा यांचा वाटा मोठा आहे. जेथे लोखंड कापले, जोडले आणि वळवले जाते तेथे वेल्डिंगची निळसर ठिणगी ही नित्याची बाब असते. अशा ठिकाणी काम करणारा एखादा तरुण अभियंता चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरू लागला, की जगभर फिरून आलेली एक अफवा त्याच्याही कानावर पडण्याचा संभव असतो. वेल्डिंगच्या झोताने म्हणे लेन्स डोळ्याला चिकटते आणि ती काढताना बुबुळाचा पडदाच निघून येतो!

ही अफवा १९८० च्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांतून पसरली. तिचे मूळ १९६७ मधील एका प्रसंगात सापडते. बाल्टिमोर येथील जहाजबांधणी कारखान्यात विद्युत स्फोटाच्या वेळी हजर असलेल्या एका वेल्डरच्या डोळ्यांना इजा झालेली आढळली. तपासणीअंती निष्कर्ष निघाला तो मात्र वेगळाच होता. इजा झोतामुळे नव्हे, तर कठीण प्लास्टिकची भिंगे दीर्घकाळ न काढता डोळ्यांत ठेवल्यामुळे झाली होती. भिंग डोळ्याला चिकटले नव्हते. त्याने डोळ्याचा श्वास कोंडला होता. अफवा टिकली, खरे कारण विस्मृतीत गेले. वस्तुतः कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रव्यांचा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास या कोंडलेल्या श्वासाभोवतीच फिरतो.

डोळ्याच्या पुढील बाजूस असणारे पारपटल सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. प्रकाश निर्वेध आत जावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. शरीरातील इतर पेशींना प्राणवायू रक्तातून मिळतो. पारपटलाला तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. डोळे मिटले की पापणीच्या आतील रक्तवाहिन्यांवर भागवावे लागते आणि पुरवठा जवळपास एक तृतीयांशावर येतो. अशा पडद्यावर भिंग ठेवणे म्हणजे खोलीच्या एकमेव खिडकीला तावदान लावण्यासारखे आहे. उजेड येईल; पण वाऱ्याचे काय?

आरंभीच्या संशोधकांना या प्रश्नाची पुरती कल्पना नव्हती. १८८८ मध्ये झुरिच येथील अडोल्फ फिक यांनी काचेचे भिंग डोळ्यावर बसवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते बुबुळासह डोळ्याचा पांढरा भागही झाकत असे आणि काही तासांपलीकडे सोसवत नसे. पुढे १९३० च्या दशकात पॉलिमिथाईल मेथाक्रिलेट हे स्वच्छ, हलके बहुवारिक म्हणजे पॉलिमर उपलब्ध झाले. विमानांची तावदाने ज्या द्रव्याची बनत, तेच हे. १९४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील केविन टुओही यांनी केवळ पारपटलापुरते छोटे भिंग तयार केले. या भिंगांची घडण यंत्रशाळेतील कोणाही कारागिराला सहज उमगेल अशी होती. प्लास्टिकची चकती लेथवर चढवायची, हिऱ्याच्या टोकाने आतली आणि बाहेरची वक्रता कोरायची आणि शेवटी पॉलिश करायचे. दृष्टी उत्तम मिळे. पण त्या द्रव्यातून प्राणवायू जवळजवळ मुळीच जात नसे. पापणी लवली की भिंग थोडे हलते आणि खाली ताजे अश्रू शिरतात, एवढाच काय तो आधार. बाल्टिमोरच्या वेल्डरच्या डोळ्यांत हीच भिंगे होती.

मऊ भिंगाची कल्पना प्रागमध्ये मूर्त झाली. ऑटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाला शरीराशी जुळवून घेणारे द्रव्य हवे होते. त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेटपासून एक पारदर्शक जेल बनवले. नाव अवघड असले तरी नाते जवळचे आहे. लेथवर कोरल्या जाणाऱ्या कठीण प्लास्टिकच्या रेणूला पाण्याची ओढ असलेला एक छोटा गट जोडला, की तेच कुळ पाणी शोषू लागते. साखळ्या एकमेकींना मधूनमधून बांधलेल्या असल्यामुळे द्रव्य पाण्यात विरघळत नाही; ते फुगते, मऊ होते आणि वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी धरून ठेवते. दोघांचा यासंबंधीचा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात १९६० मध्ये आला. (पाण्याने फुगणाऱ्या अशा जेलांचे शास्त्र महाराष्ट्रालाही परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर महत्त्वाचे संशोधन केले; त्यांचा रोख मात्र भिंगांपुरता नव्हता.)

द्रव्य मिळाले, पण त्याला आकार कसा द्यावा? साच्यातून काढताना भिंगाच्या कडा फाटत. त्यातच १९६१ मध्ये सरकारी खात्याने या कामाचा पाठिंबा काढून घेतला. विख्टरले यांनी ते घरी नेले. मुलांच्या ‘मेर्कूर’ या खेळातल्या लोखंडी पट्ट्या आणि चाके (आपल्याकडील मेकॅनोचाच हा भाऊबंद), सायकलचा डायनामो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या सामग्रीतून त्यांनी एक यंत्र जुळवले. १९६१ च्या नाताळात स्वयंपाकघरातील टेबलावर त्या यंत्राने पहिली चार भिंगे दिली.

यंत्राचे तत्त्व साधे आणि म्हणूनच विलक्षण आहे. कपातील चहा जोरात ढवळला, की मध्ये खळगा पडतो आणि कडेला चहा वर चढतो. फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप नितळ वक्राकार होतो आणि वेग वाढवला की खळगा खोल होतो. विख्टरले यांनी छोट्या अंतर्वक्र साच्यात द्रव रसायन ओतून तो फिरवला आणि फिरत असतानाच ते घट्ट होऊ दिले. भिंगाची बाहेरची बाजू साच्याने ठरवली, आतली अपकेंद्री बलाने. पोकळ नळ आणि रोल ओतण्याची जी अपकेंद्री पद्धत ओतशाळेत प्रचलित आहे, तिचेच हे नखाएवढे रूप. पत्नी लिंडा यांच्या साहाय्याने १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत त्यांनी सुमारे साडेपाच हजार भिंगे घरीच बनवली.

पुढची कथा व्यवहाराची आहे आणि ती काहीशी खेदजनक आहे. या शोधाचे हक्क एका अमेरिकन कंपनीकडे गेले, तिच्याकडून ‘बॉश अँड लॉम्ब’कडे आले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मऊ भिंगाला मान्यता दिली. जगभर मोठी बाजारपेठ उभी राहिली. शोधकाच्या वाट्याला मात्र त्यातले अत्यल्प आले. १९६८ नंतरच्या राजकीय दडपणात त्यांचे संस्थेतील संचालकपदही गेले. राजवट बदलल्यावर, १९९० मध्ये ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

मऊ भिंग सुखद होते, तरी श्वासाचा प्रश्न सुटला नव्हता. जलजेलातून प्राणवायू जातो तो त्यातील पाण्यात विरघळून. म्हणजे पाणी वाढवले की प्राणवायू वाढणार. पण पाणी वाढले की द्रव्य दुबळे होते, भिंग जाड करावे लागते, आणि जाडी वाढली की कमावलेले पुन्हा हातचे जाते. शिवाय संपूर्ण पाण्याचेच भिंग बनवता आले, तरी पाण्याच्या स्वतःच्या क्षमतेपलीकडे मजल जाणार नव्हती. सिडनीतील ब्रायन होल्डन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये या गरजेला आकडे दिले. जाडी लक्षात घेऊन काढलेल्या भिंगाच्या प्राणवायूवहनाच्या प्रचलित मापात दिवसा वापरण्यासाठी सुमारे २४ आणि झोपेत वापरण्यासाठी ८७ एवढी क्षमता हवी. तत्कालीन जलजेल दुसऱ्या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नव्हते.

प्राणवायू मुक्तपणे जाऊ देणारे द्रव्य ठाऊक होते, ते म्हणजे सिलिकोन. अमेरिकेतील नॉर्मन गेलॉर्ड यांनी १९७० च्या दशकात ते कठीण प्लास्टिकमध्ये गुंफून श्वास घेणारी कठीण भिंगे शक्य केली. परंतु मऊ भिंगात सिलिकोन घालणे म्हणजे तेल आणि पाणी एकत्र नांदवण्यासारखे होते. दोन्ही वेगळी होतात आणि भिंग दुधाळ दिसते. नुसते सिलिकोन घ्यावे, तर अश्रू त्यावर पसरत नाहीत आणि भिंग खरोखरच डोळ्याला घट्ट बसते. उपाय सापडायला दोन दशके लागली. सिलिकोनचे आणि पाण्याचे असे दोन अखंड मार्ग एकमेकांत इतके बारीक विणायचे, की प्रकाशाला त्यांची सीमा जाणवू नये. एका मार्गाने प्राणवायू जाईल. दुसऱ्याने पाणी आणि क्षार जातील, त्यामुळे भिंग डोळ्यावर सरकते राहील. पृष्ठभागावर प्लाझ्माची प्रक्रिया करून अश्रूंना तेथे आसरा द्यायचा. १९९९ च्या सुमारास अशी सिलिकोन जलजेलाची भिंगे बाजारात आली. द्रव्याची पार्यता जुन्या जलजेलात ८ ते ९ होती, ती एका नव्या द्रव्यात १४० वर गेली.

दरम्यान घडणीची पद्धतही बदलली. लेथ अचूक खरा, पण सावकाश. आणि जलजेलाचे भिंग कोरडे असताना कोरून मग पाण्यात फुगवायचे असल्याने सारी मापे आधीच हिशेबाने लहान धरावी लागतात. साच्यातली अडचण उलटी असते. मिथाईल मेथाक्रिलेट घट्ट होताना सुमारे एक पंचमांश आकसते. १९८० च्या दशकात यावर तोड निघाली. दोन प्लास्टिक साच्यांमध्ये रसायन भरताना पाण्याची जागा राखणारा एक निरुपद्रवी द्रव त्यात मिसळायचा आणि भिंग घट्ट झाल्यावर त्याच्या जागी पाणी येऊ द्यायचे. माप फारसे बदलत नाही, कडाही फाटत नाहीत. साचा एकदाच वापरून टाकला जातो. या पद्धतीने भिंग इतके स्वस्त झाले, की १९८० च्या दशकाअखेर ठरावीक दिवसांनी टाकून देण्याची आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास रोज नवे वापरण्याची भिंगे आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल सिलिकोनएवढाच मोलाचा मानावा लागेल.

कारण श्वासाचा प्रश्न सुटला, तरी जंतूंचा सुटला नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, दिवसा मऊ भिंगे वापरणाऱ्या दर दहा हजार व्यक्तींत वर्षाला सुमारे ४ जणांना, तर ती झोपेतही ठेवणाऱ्यांत सुमारे २१ जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले. सिलिकोन जलजेल आल्यावर हे प्रमाण घसरेल अशी अपेक्षा होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत झोपेतील वापराचे प्रमाण जवळपास तेच, किंचित अधिकच निघाले. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत होल्डन यांच्या गटासह १९९० च्या दशकात झालेल्या निरीक्षणांतही, रात्रंदिवस भिंगे वापरणाऱ्यांच्या डोळ्यांतील दाह आणि व्रण हाच चिंतेचा विषय होता. मिटल्या पापणीखाली अश्रू वाहते राहत नाहीत आणि जंतूंना उसंत मिळते. त्यावर द्रव्याचा इलाज चालत नाही.

यंत्रशाळेत काम करणाऱ्यांसाठी यातून निघणारी सूचना थोडकी आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००५ मध्ये, योग्य नेत्रसंरक्षक वापरले जात असल्यास रसायनांच्या कामातही कॉन्टॅक्ट लेन्स सरसकट निषिद्ध मानण्याचे कारण नाही, असे मत दिले. परंतु भिंग हे संरक्षक नव्हे. झोताच्या अतिनील किरणांनी काही तासांनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जी चुरचुर होते, ती रोखण्यासाठी वेल्डिंगची काळी काचच हवी. ग्राइंडिंगच्या कणांसाठी बंद गॉगल हवा. भिंगाला हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुऊन कोरडे करावेत. भिंग किंवा त्याची डबी नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, कारण त्या पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटलात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर भिंग तत्काळ काढावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना भिंग आणि डबीही बरोबर न्यावी. त्यांच्या तपासणीतून जंतूचा माग काढता येतो.