वही कुणाच्या हातात?

कवीला सहकारावर बोलायला बसवलं की हिशेबात घोळ होणार, अशी शंका काहींना आली असेल. पण गावातल्या शांततेचा हिशेबाच्या वहीशी फार जवळचा संबंध आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात, भर बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. त्यांना हवी होती ती कर्जखतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचा भाव कोसळला, सारा मात्र वाढला. आणि आपण अंगठा कशावर उठवतो, हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. दंग्याचं लोण नगर जिल्ह्यातही गेलं. १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला जुना हिशेब उकरायचा अधिकार दिला. पण पेरणीला पैसा लागला की पुन्हा सावकाराचंच दार. दुसरं दार उघडायला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यावा लागला. त्याच नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचाच साखर कारखाना उभा केला, हे आपण जाणताच.

मला सहकार कळला तो डेअरीच्या रांगेत. अब्बांची एकच म्हैस. आमच्या पुढं पाटील, मागं भूमिहीन मजूर. ज्या गावात पाण्याचा माठ वेगळा होता, तिथं सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जाई. फॅट सगळ्यांसमोर लागे, आकडा आपल्या कार्डावर चढे, दहा दिवसांनी बिल.

डिसेंबर १९९२ मध्ये आमचं गाव गप्प झालं होतं. तरी पहाटे किटल्या आल्याच. म्हशीला दंगल कळत नाही, वेळ झाली की धार काढावीच लागते. रांगेत कुणी फारसं बोललं नाही. याला मी बंधुभाव म्हणणार नाही. पण एकमेकांशेजारी उभं राहायला एक कारण होतं, आणि ते रोजच्या कमाईचं होतं.

आता त्याच संस्थांच्या निवडणुका घराघरांत फूट पाडतात. वार्षिक सभेत ताळेबंद वाचायला सुरुवात होते न होते तोच मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो. सुप्याच्या शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती. आमच्या सभासदाला येते. पण सभेत ती कुणी मागत नाही.