लाह्यांसारखा फुलणारा दगड : पर्लाइट

कढईतील तापलेल्या वाळूत ज्वारीचे दाणे टाकले की ते तडतडून फुलतात आणि मूठभर दाण्यांच्या टोपलीभर लाह्या होतात, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. दाण्यातील ओलाव्याची एकाएकी वाफ होते व ती वाफच दाण्याला फुलवते. दगडाच्याही अशाच लाह्या होतात असे कोणी सांगितले, तर ते सहसा खरे वाटणार नाही. तथापि असा दगड निसर्गात आहे. त्याचे नाव पर्लाइट.

काच आणि पाणी

पर्लाइट ही ज्वालामुखीतून निर्माण झालेली काच होय. तिच्यात सिलिका शेकडा ७० ते ७५ आणि ॲल्युमिना शेकडा १२ ते १५ असते. सिलिका विपुल असलेला लाव्हा अतिशय दाट व चिकट असतो. तो झपाट्याने थिजला, म्हणजे त्यातील अणूंना स्फटिकांच्या शिस्तीत रचले जाण्यास अवसर मिळत नाही आणि ऑब्सिडियन नावाची काळी, तकतकीत काच तयार होते. या काचेत पाणी फारच थोडे असते. पुढे हजारो वर्षे पावसाचे व भूगर्भातील पाणी तिच्यात कणाकणाने मुरत राहते. पाण्याचे प्रमाण शेकडा २ ते ५ इतके झाले, की ऑब्सिडियनचे पर्लाइट झालेले असते. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही व हातालाही लागत नाही. ते काचेच्या घडणीतच अडकलेले असते. अशा काचेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोलाकार तडे जातात आणि तिला मोत्यासारखी झाक येते. तिचे नाव या मोत्यावरूनच पडले आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाचाच आहे. मग तो का फुलत नाही? सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हात सिलिका निम्म्याच्या आसपास होती. त्यामुळे तो पातळ होता, दूरवर पसरला आणि बहुतांशी स्फटिकमय खडक होऊन थिजला. पाणी अडकवून ठेवणारी काच त्यात फारशी उरली नाही. शिवाय नैसर्गिक काच चिरंतन नसते. कालांतराने तिचे स्फटिकांत किंवा मातीत रूपांतर होते. म्हणूनच पर्लाइटचे बहुतेक साठे भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण ज्वालामुखींच्या प्रदेशांत सापडतात. चीन, तुर्कस्तान, ग्रीस व अमेरिका हे त्याचे प्रमुख उत्पादक देश होत.

भट्टीतील चमत्कार

दगड भरडून त्याचे सारख्या आकाराचे कण करतात व ते भट्टीच्या ज्वाळेत सोडतात. सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानास काच मऊ होते. त्याच क्षणी आतील पाण्याची वाफ होऊन असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि कण मूळ आकारमानाच्या ४ पासून २० पटींपर्यंत फुगतो. येथे उष्णता एकाएकी मिळणे अगत्याचे असते. कण सावकाश तापला, तर काच मऊ होण्यापूर्वीच पाणी निघून जाते. उलट पाणी प्रमाणाबाहेर असले, तर कण फुटून त्याची पूड होते. यास्तव काही वेळा तो आधी मंद उष्णतेवर शेकून घेतात. करड्या दगडाचा असा पांढराशुभ्र, पाण्यावर तरंगणारा पदार्थ बनतो. फुललेला माल जागा फार व्यापतो. त्यामुळे कच्चा दगडच दूरदेशी पाठवून तो वापराच्या ठिकाणाजवळ फुलवणे किफायतशीर ठरते.

त्याचे उपयोग

बुडबुड्यांत कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही आणि काच तर जळत नाही. या दोन गुणांमुळे हलका गिलावा, हलके काँक्रीट व छताच्या तक्त्या यांत पर्लाइट वापरतात. त्याची बारीक चूर्णे फळांचे रस, साखरेचा पाक व औषधी द्रावणे गाळण्यास उपयोगी पडतात. रोपवाटिकेत ते मातीत मिसळले, तर मुळांना हवा मिळते व पृष्ठभागावरील खळग्यांत ओलावाही टिकतो. मात्र त्यात पोषक अन्न नसल्यामुळे खत निराळे द्यावे लागते.

प्रत्यक्ष मानवी प्राणांशी संबंध असलेला उपयोग मात्र सहसा लक्षात येत नाही. इ. स. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत प्राणवायूचा तुटवडा पडला, तेव्हा रुग्णालयांच्या आवारातील उंच टाक्यांकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. बाहेरची उष्णता आत शिरली, तर तो वायू होऊन निघून जाईल. म्हणून अशा टाकीत एकात एक दोन भांडी बसवतात. त्यांमधील पोकळीत पुष्कळदा पर्लाइट भरून तेथील हवा काढून घेतात. प्राणवायूच्या सान्निध्यात भुसा किंवा कापूस यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ भयंकर ठरतील. न जळणारी ही काच तेथे विश्वासाने ठेवता येते.

फुललेले पर्लाइट हाताळताना त्याची धूळ श्वासाबरोबर आत जाऊ देऊ नये. ओतण्यापूर्वी ते थोडे भिजवावे व नाकातोंडावर फडके बांधावे.

ग्रीसमधील मिलोस बेटावर अश्मयुगातील माणूस ऑब्सिडियनची धारदार पाती मिळवण्यासाठी समुद्र ओलांडून जात असे. आज त्याच बेटावर पर्लाइटच्या मोठ्या खाणी आहेत. प्राचीन मानवाने ज्वालामुखीच्या काचेची धार ओळखली; त्याच काचेत मुरलेल्या पाण्याचे सामर्थ्य ओळखण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.