शस्त्रपरवाना, केंद्रीय कायदा आणि स्थानिक मनाई : पनवेल परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पनवेल नगरपालिकेची स्थापना १८५२ साली झाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा शस्त्र अधिनियम त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १८७८ मध्ये आला. वयाने हे गाव कायद्याहून वडील असले तरी बंदुकीविषयी एखादा उपविधी करण्याचा अधिकार पनवेलच्या पालिकेला कधी मिळाला नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यानेही त्यात फरक पडलेला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ‘शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके’ हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील अठरा विषयांत पाणी, आरोग्य, कत्तलखाने आणि स्मशानभूमीसुद्धा आहेत, शस्त्रे नाहीत.

तरीही स्थानिक पातळीवर शस्त्रांवर निर्बंध येतातच. ते लोकनियुक्त सभा घालत नाही, पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी घालतात. केंद्राने दिलेला परवान्याचा हक्क या स्थानिक आदेशापुढे किती टिकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील उलट चित्र

हाच प्रश्न अमेरिकेत निराळ्या रूपात उभा राहतो. तेथील बहुसंख्य घटकराज्यांनी कायदे करून शहरांचे स्वतःचे बंदूकविषयक नियम निष्प्रभ केले आहेत. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहराने २०१८ मध्ये विशिष्ट प्रकारच्या लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली होती. राज्याच्या २००३ च्या कायद्याशी ती विसंगत असल्याचे सांगून न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी तिची अंमलबजावणी रोखली. त्यानंतर दहाच दिवसांनी त्याच शहरातील एका किराणा बाजारात झालेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. जून २०२१ मध्ये राज्याने आपला कायदा बदलून शहरांना अधिक कडक नियम करण्याची मुभा दिली. तेथे शहर कडक असते आणि वरचा कायदा सैल. भारतात वरचा कायदाच कडक आहे, आणि खालचा अधिकारी काही काळापुरती त्यात भर घालतो. त्यामुळे नागरिकाची तक्रारही येथे वेगळी असते.

परवान्याचे स्वरूप

१८७८ चा अधिनियम अविश्वासातून जन्मला होता. युरोपियनांना त्यातून सूट होती, एतद्देशीयांना परवाना घ्यावा लागे. तो संमत झाल्यानंतर वर्षभरातच, १८७९ मध्ये, पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र बंड पुकारले. स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला तेव्हा वंशभेद गेला, परवाना राहिला.

या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षिले जाते. परवाना ही सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब नाही. कलम १३ नुसार पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, कलम १४ मधील नकाराची कारणे लागू नसतील तर, तो द्यावयाचा असतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. परवाना निलंबित वा रद्द करावयाचा तर कलम १७ खाली कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. हे फेरफार संसदेने केले; राज्य वा जिल्ह्याला ते करता आले नसते.

कलम ३७ चा आदेश

सार्वजनिक सुव्यवस्था हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. त्याच्या आधारे १९५१ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) पोलीस अधिनियम झाला. त्याच्या कलम ३७ (१) खाली आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी बंदुका, तलवारी, भाले, सुरे, सोटे, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरण्यास मनाई करू शकतात. सणासुदीला किंवा आंदोलनाच्या काळात वृत्तपत्रांत येणारे मनाई आदेश बहुधा याच कलमाखालचे असतात. जमावबंदी पंधरा दिवसांपलीकडे न्यावयाची असल्यास राज्य शासनाची मंजुरी लागते.

येथे एक विसंगती दिसते. केंद्रीय अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडविलेल्या वस्तूंना ‘शस्त्रां’च्या व्याख्येतून वगळले आहे, कोयता त्यात मोडतो. कलम ३७ चे शब्द मात्र इतके व्यापक आहेत की कोयताच काय, साधी काठीही त्यांत सापडते. तरी हे दोन कायदे एकमेकांना छेद देत नाहीत, कारण एक कायदा मुख्यतः शस्त्राची मालकी व परवाना यांविषयी बोलतो, तर दुसरा विशिष्ट स्थळी व काळी ते घेऊन फिरण्याविषयी. परवानाधारकाची बंदूक घरात राहू शकते. आदेशाच्या मुदतीत ती रस्त्यावर आणता येत नाही.

निवडणूक आणि भातकापणी

वाद खऱ्या अर्थाने पेटतो तो शस्त्र घरातूनही काढून घेतले जाते तेव्हा. आदर्श आचारसंहिता लागू होताच परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात सरसकट जमा करून घेण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. गोव्यातील गोविंद ऊर्फ भाई गणेश तिळवे यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या सरसकटपणाला आळा घातला. प्रत्येक परवान्याची स्वतंत्र छाननी व्हावी, त्यासाठी छाननी समिती असावी आणि जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले किंवा पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूककाळात, गुंतलेले परवानाधारक प्रामुख्याने विचारात घ्यावेत, असे सूत्र त्यातून निघाले. निवडणूक आयोगानेही आपल्या सूचनांत त्याचा आधार घेतला.

पनवेलच्या ग्रामीण भागात या सूत्राला एक वेगळेच महत्त्व आहे. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००४ व २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. कोकणात भात पिकण्याचा आणि कापणीचा हाच हंगाम. याच दिवसांत डोंगरपायथ्याच्या गावांत रानडुकरे शेतात उतरतात. रानडुकराला मारण्यास वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. पण हवेत काढलेल्या बाराने कळप हाकलता येतो. ज्या पीकसंरक्षणासाठी संसदेने परवाना देण्याचे बंधन घातले, ते पीक उभे असतानाच बंदूक ठाण्यात पडून राहिली, तर परवान्याला कागदापलीकडे मोल उरत नाही. प्रशासनाची अडचणही खोटी नाही. शेकडो परवाने एकेक करून तपासण्यापेक्षा सर्वांना एकच नोटीस देणे सोपे असते, आणि मतदानाच्या दिवशी गोळी सुटली तर जाब अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. परंतु सोय हे कलम १७ मधील कारण नव्हे.

पनवेलला आणखी एक गुंतागुंत आहे. महसुलाच्या दृष्टीने तालुका रायगड जिल्ह्यात, म्हणजे अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो. पोलिसी कारभार मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहे आणि त्याचे मुख्यालय ठाणे जिल्ह्यातील सीबीडी बेलापूर येथे आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत कलम ३७ चा आदेश आयुक्तांचा असतो. हद्द ओलांडताच तो अलिबागहून निघतो. त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन बाजूंच्या गावांत भात एकाच आठवड्यात पिकते, रानडुकरांचा कळपही एकच असतो, पण बंदूक जमा करावी की नाही हे दोन निरनिराळ्या कार्यालयांत ठरते. शेतकऱ्याने हाती आलेल्या नोटिशीत प्रथम पाहावयाचे ते दोन तपशील : ती कोणत्या कलमाखाली काढली आहे, आणि त्याच्या स्वतःच्या परवान्याविषयी तिच्यात एखादे कारण लिहिले आहे किंवा नाही.