घुमट मोबाईलवर आणायचा, तर त्याची गोलाई कशी टिकवायची?

बिदर : अष्टूरच्या बहमनी कबरींच्या रांगेत दोन घुमट लगेच नजरेत भरतात. अहमदशाह वलीचा घुमट अखंड, गुळगुळीत गोल. हुमायून शाहचा मात्र वीज पडून फुटलेला. फोडलेल्या नारळासारखी आतली जाडी उघडी पडलेली. हे दोन्ही घुमट थ्रीडी मॉडेल करून मोबाईलवर दाखवायचे ठरवले, तर अडचण कुठे येते?

लेझर स्कॅनरने किंवा शेकडो फोटोंवरून वास्तूचं जे मॉडेल तयार होतं, ते असतं लहान लहान त्रिकोणांचं जाळं. त्याला मेश म्हणतात. हंपीच्या वास्तूंचं डिजिटल काम केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'इंडियन डिजिटल हेरिटेज' प्रकल्पात झालं आहे. पण बारकाईने केलेलं स्कॅन जड असतं. समजा 20 लाख त्रिकोण आणि 10 लाख बिंदू. बिंदूची जागा 12 बाइट, त्याची दिशा 12 बाइट आणि प्रत्येक त्रिकोणाची नोंद 12 बाइट. हिशेब झाला 48 एमबीचा, तोही रंगांचे फोटो सोडून. भालकी-औरादकडच्या एखाद्या खेड्यात नेटवर्कची एकच कांडी असताना एवढं कोण उतरवून घेणार? तेच 20 हजार त्रिकोणांवर आणलं तर अर्ध्या एमबीत काम होतं.

त्रिकोण कमी करण्याची सर्वात प्रचलित पद्धत मायकेल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी 1997 मध्ये मांडली. प्रत्येक बिंदू आपल्या भोवतीच्या त्रिकोणांची पातळी लक्षात ठेवतो. दोन शेजारी बिंदू एकत्र केले तर नवा बिंदू त्या पातळ्यांपासून किती दूर जाईल, त्या अंतराच्या वर्गांची बेरीज म्हणजे खर्च. ज्या जोडीचा खर्च सर्वात कमी, ती आधी मिटवायची. खातेवहीसारखाच प्रकार. सपाट भिंतीवरचे हजारो त्रिकोण जवळपास फुकटात जातात.

घुमटावर मात्र गडबड होते, कारण हा खर्च मोजतो अंतर आणि डोळा बघतो उजेड.

समजा घुमटाची त्रिज्या 5 मीटर आहे आणि कपात केल्यावर त्रिकोणाची बाजू अर्ध्या मीटरची झाली. खऱ्या गोलाईपासून ती बाजू जास्तीत जास्त 6 मिलीमीटर आत जाते. गिलाव्याच्या जाडीतही खपून जाईल एवढा फरक! पण शेजारच्या दोन तुकड्यांच्या दिशेत जवळपास 6 अंशांचा फरक पडतो. उतरत्या उन्हात, किरण तिरपे पडत असताना, तेवढ्याने एका तुकड्यावरचा उजेड दुसऱ्यापेक्षा सतरा-अठरा टक्क्यांनी कमी होऊ शकतो. त्यात दोन छटांच्या सीमेवरचा फरक डोळा आणखी वाढवून बघतो. मग घुमट आकाशकंदिलासारखा कोनाकोनांचा दिसतो.

यावरचा तोडगा जुना आहे. आँरी गूरो यांनी 1971 मध्येच दाखवलं की प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागाची दिशा धरायची आणि मधली छटा हळूहळू बदलत न्यायची. ही दिशा म्हणजे पृष्ठभागावर काटकोनात रोवलेली एक काल्पनिक काडी. तिला नॉर्मल म्हणतात. तुकडे सपाटच राहतात, पण डोळ्याला गोलाई भासते.

खरी चूक इथेच होते. कपात झाल्यावर अनेकजण या काड्या नव्या, ओबडधोबड त्रिकोणांवरून पुन्हा काढतात. लांबट त्रिकोण आले की घुमटावर डाग आणि पट्टे उमटतात. काड्या मूळ बारीक मेशवरून उचलून नव्या मेशवर बसवल्या पाहिजेत. मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये त्यासाठी 'डेटा ट्रान्सफर' आहे. आणखी पुढचं पाऊल म्हणजे मूळ दिशा एका चित्रात साठवून नव्या मेशवर चिकटवणे, म्हणजेच नॉर्मल मॅप. मेशलॅबमधल्या 'प्रिझर्व्ह नॉर्मल' या पर्यायाच्या नावावर मात्र जाऊ नये. तो त्रिकोण उलटे होऊ नयेत म्हणून आहे, छटा जपण्यासाठी नव्हे.

आता हुमायूनचा घुमट घ्या. तिथे सगळंच गुळगुळीत केलं तर? फुटलेल्या कडेवर बाहेरची गोल बाजू आणि आतली उघडी जाडी यांच्या काड्यांची सरासरी निघते आणि कड लोण्यासारखी वितळलेली दिसते. बघणाऱ्याला वाटेल, बांधणाऱ्यानेच तो तसा ठेवला. म्हणून अशा कडेवर एकाच बिंदूला दोन काड्या द्याव्या लागतात, एक बाहेरच्या बाजूची, एक तुटलेल्या बाजूची. आणि कपातीच्या वेळी त्या कडेवरचे बिंदू महाग ठरवावे लागतात. कोन अमुक अंशांपेक्षा मोठा असेल तर कड धरायची, असा नियम सॉफ्टवेअर लावतं. पण बारीक तडा त्या नियमात बसेलच असं नाही. तो माणसाने बघून खूण करावा लागतो.

छटेच्या या युक्तीला एक मर्यादा आहे. आभाळासमोर दिसणारी घुमटाची बाह्यरेषा तिने बदलत नाही. तिथे कोपरे दिसतातच. त्यामुळे कळसाजवळ आणि कडेला थोडे जास्त त्रिकोण ठेवावे लागतात.

आणि हलकं मॉडेल फक्त दाखवण्यापुरतं. दुरुस्तीसाठी तड्याची रुंदी मोजायची तर मूळ स्कॅनच लागतं, कारण नॉर्मल मॅपमधला तडा दिसतो, पण मोजता येत नाही. जागा वाचवायला मूळ फाईल पुसली, की ते माप गेलं.

मॉडेल नीट झालं का, हे तपासायला स्क्रीनवरचा दिवा घुमटाभोवती सावकाश फिरवावा. छटा अडखळत नसेल आणि फुटलेली कड प्रत्येक कोनातून धारदार दिसत असेल, तर कपात जमली.