चांदीवरचा मोरपिसारा

चांदी काळी पडते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण काळी पडण्यापूर्वी ती काही वर्षे मोराच्या मानेसारखी दिसू शकते, हे मात्र ज्याने जुने रुपये निवांतपणे हाताळले असतील त्यालाच माहीत. कडेला निळा, त्याच्या आत जांभळा, मग तांबूस, मग फिकट सोनेरी. आणि मध्यभागी व्हिक्टोरिया राणीच्या गालावर चांदीचा मूळ पांढरा रंग! नाणी जमवणारे याला ‘टोनिंग’ म्हणतात. आपण ‘झाक’ म्हणू या.

आमच्या वडिलांच्या पेटीत असे सात रुपये निघाले आणि घरात वादाला तोंड फुटले. वहिनींचे म्हणणे, ते चिंच लावून लख्ख करावेत. माझे म्हणणे, त्यांना हातही लावू नये. दोन्ही पक्ष अजून आपापल्या जागी ठाम आहेत. तेव्हा माझी बाजू इथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा रंग वरून लागलेला नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होतो आणि नाण्यावर चांदीच्या सल्फाइडचा पापुद्रा धरतो. पहिले रंग उमटतात तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. थोडा प्रकाश पापुद्र्याच्या वरून परततो, थोडा खालच्या चांदीवरून. दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि डोळ्यांना रंग दिसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जो खेळ दिसतो, तोच हा. पापुद्रा जसा जाड होत जातो तसा रंग पालटतो: आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. पुढेही रंगांचा एखादा फेरा होतो, शेवटी काळा. म्हणजे आपण ज्यावर लुब्ध होतो ती चांदीची झीजच असते, फक्त अर्ध्या वाटेवरची.

गंधक येतो कुठून? अंड्यात बुडवलेला चांदीचा चमचा काळा पडतो तो त्यानेच. रबर, लोकर, हलका कागद, पुठ्ठा, सगळीकडे तो असतो. मुंबईची दमट हवा त्याला हातभार लावते. वडिलांचे रुपये एका जुन्या पाकिटात गुंडाळलेले होते. त्या पाकिटाच्या कागदानेच बहुधा ही रंगपंचमी केली. रुपयांच्या चळतीला रबर बांधून ठेवले असते, तर मोरपिसाऱ्याऐवजी काळा पट्टा मिळाला असता!

या रंगांचे खरे वेड अमेरिकेत पाहावे. तिथे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली ‘मॉर्गन डॉलर’ नावाचे चांदीचे डॉलर पाडले गेले. त्यांतले लक्षावधी डॉलर, एका पोत्यात हजार याप्रमाणे, कापडी पोत्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले. जे नाणे पोत्याच्या कापडाला टेकले, त्याची ती बाजू रंगली. काहींवर तर कापडाची वीणही उमटली. ज्यावर दुसरे नाणे रेलले होते, तिथे चंद्रकोरीएवढी जागा पांढरी राहिली. १९६४च्या मार्चमध्ये तिजोरीने कागदी नोटांच्या बदल्यात हे डॉलर देणे थांबवले, तोवर पोतीच्या पोती बाहेर पडली होती. आज त्यांतल्या सुरेख रंगाच्या डॉलरला त्याच वर्षाच्या, त्याच प्रतीच्या पांढऱ्या डॉलरच्या कितीतरी पट मोल देणारे शौकीन आहेत. आणि तोच डॉलर पाहून ‘हा मळ कशाला घेता?’ म्हणून नाक मुरडणारेही आहेत!

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. नाणे दिव्याखाली धरून हळूच कलते करावे. न झिजलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. रंगाच्या खालून तो फिरताना दिसला, तर झाक खुलून दिसते. तो फिरेनासा झाला असेल तर उरली ती नुसती कळकट चांदी, मग तिला कुणी इंद्रधनुष्य म्हणो.

जिथे पैसा तिथे लबाडी आलीच. गंधकाची धुरी देऊन किंवा नाणे तापवून चार दिवसांत हे रंग आणणारे कारागीर आहेत. नकली रंग बहुधा भडक असतो, त्याचा क्रम चुकलेला असतो. सोनेरी छटा न येताच एकदम निळा येतो. नाण्यावरच्या ओरखड्यातही तो सारखाच भरलेला दिसला तर संशय घ्यावा. अस्सल रंग कधीकधी खालची खोडही झाकतो, हेही ध्यानात ठेवावे. नाणी पारखून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या अमेरिकन कंपन्या नकली रंगाच्या नाण्याला प्रतीचा आकडा देत नाहीत. पण खरे-खोटे ठरवताना त्यांच्याही पारख्यांत मतभेद होतातच.

आता चिंचेविषयी. चिंच आणि रांगोळीने घासले की पापुद्रा जातो, पण त्यात अडकलेली चांदीही जाते आणि वर बारीक चरे पडतात. आमच्या देवघरातल्या डबीत दुसरे सात रुपये आहेत, पूजेतले, दरसाल घासलेले. त्यांत एक १९११चा, पंचम जॉर्जचा. त्या वर्षी राजाच्या झग्यावरचा चिमुकला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि गहजब झाला. सरकारला पुढच्या वर्षी ठसा सुधारावा लागला. आमच्या रुपयावर आता हत्तीही नाही आणि डुक्करही नाही. गुळगुळीत झगा तेवढा उरला आहे.

हे दाखवल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्या रुपयाला सासूबाईंचा हात लागलाय. तुमच्या पाकिटातल्याला कुणाचा लागलाय?”

याला उत्तर देणे मला जमलेले नाही. तूर्त तह असा झाला आहे: डबीतले सात पूजेला, पाकिटातले सात माझ्याकडे. ते मी कडेला धरून मऊ पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत घातले आहेत, कारण त्या प्लास्टिकने नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. त्यांतला सर्वांत निळा रुपया पुतणीने लग्नात मागितला आहे. तिला तो न घासता हवा आहे, असे ती मला म्हणाली. आईला काय म्हणाली, ते अजून कळलेले नाही.