एकाच वस्तीतील शाळांची तुलना

जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे उदरनिर्वाहासाठी मुंबईस जातात. तेथे एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच इमारतीत, महानगरपालिकेच्या निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशी ही माध्यमे आहेत. साहजिकच 'मुलाला कोठे घालावे ?' असा प्रश्न पालक गावच्या गुरुजींना विचारतात. इमारतीचा रंग अथवा गणवेशाची टापटीप पाहून त्याचे उत्तर देणे योग्य नव्हे.

प्रथम माध्यम पाहावे. घरची भाषा व वर्गाची भाषा एक असेल तर बालकास समजण्याचे श्रम दुप्पट पडत नाहीत. त्यानंतर पटसंख्या व शिक्षकसंख्या पाहावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन व ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक आवश्यक आहेत. तथापि केवळ भागाकार करून भागत नाही. समजा, पहिली ते चौथीच्या दोन शाळा आहेत. एकीत १२० मुले व चार शिक्षक, दुसरीत ६० मुले व दोन शिक्षक. प्रमाण दोहोंत तीसच येते. परंतु पहिलीत प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक मिळतो, तर दुसरीत प्रत्येक शिक्षकास दोन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

निकालाचेही असेच आहे. समजा, तिसरीच्या ३० मुलांपैकी जूनमध्ये एका शाळेत २४ व दुसऱ्या शाळेत ९ मुलांना वाचता येत होते. वर्षअखेर हे आकडे २६ व २० झाले. केवळ अखेरचा आकडा पाहिला तर पहिली शाळा सरस ठरते. परंतु वाचता न येणाऱ्या सहांपैकी दोघेच तेथे शिकले. दुसरीत एकविसांपैकी अकरा शिकले. मागे पडलेल्या बालकाच्या पालकाने दुसरी शाळा नाकारली, तर त्याच्या मुलाचेच नुकसान होईल.

याशिवाय रोजची उपस्थिती, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह व मध्यान्ह भोजन यांची प्रत्यक्ष पाहणी करावी. शाळा जवळ असली तरी वाटेत रेल्वेमार्ग वा रहदारीचा रस्ता ओलांडावा लागतो काय, हेही पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्याशी बोलल्यास शाळेची खरी स्थिती समजते.

या चौकशीत मुलाचे दिवस मात्र वाया जाऊ नयेत. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्याच कारणावरून शासकीय वा अनुदानित शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. गाव सोडणाऱ्या प्रत्येक पालकास ही गोष्ट निघण्यापूर्वीच सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.