हिमाचा कच्चा थर

तेर हें संत गोरा कुंभारांचें गांव. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनीं थापटणें हातीं घेतलें, प्रत्येकाच्या मस्तकावर थापटून पाहिलें आणि कोणतें मडकें कच्चें तें सांगितलें, ही कथा आमच्या बालवाचकांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेलच. वरून सारखीं दिसणारीं मडकीं आंतून सारखीं नसतात. कच्चेपणा डोळ्यांना दिसत नाहीं. तो ठोकून पाहावा लागतो. हाच न्याय हिमालयांतील बर्फासहि लागू पडतो. तो कसा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

तेरणाकांठच्या मुलांना बर्फाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु आपल्या महाराष्ट्रांतील कितीतरी तरुण सैन्यांत जाऊन काश्मीर व लडाखच्या सरहद्दीवर पहारा करितात. जानेवारी 2017 मध्यें काश्मीरांतील गुरेझच्या खोऱ्यांत हिमकडे कोसळून जे जवान मृत्युमुखीं पडले, त्यांत महाराष्ट्राचेहि पुत्र होते. ज्या घरांतील मुलगा तिकडे गेला आहे, त्या घराला हा विषय परका नाहीं.

डोंगराच्या उतारावरील बर्फ म्हणजे एकजीव ढीग नव्हे. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, त्यावर दुसऱ्या हिमवृष्टीचा दुसरा थर, अशी ती उतरंड असते. उतरंडींतील वरचीं मडकीं कितीही पक्कीं असलीं, तरी मधलें एक कच्चें निघाल्यास सगळी उतरंड कोसळते. बर्फाचेंहि तसेंच आहे.

आतां हा कच्चा थर कसा होतो तें पाहूं. जमिनीलगतच्या बर्फाचें उष्णतामान बहुधा शून्य अंशाजवळ असतें, तर वरची हवा अत्यंत थंड असते. त्यामुळें खालच्या बर्फाची वाफ होऊन ती वर चढूं लागते व वाटेंतील कणांवर गोठते. अशा रीतीनें कांहीं दिवसांत बर्फाचे बारीक, एकमेकांस चिकटलेले कण नाहींसे होतात आणि त्यांच्या जागीं जाड साखरेसारखे सुटे, कंगोरेदार कण तयार होतात. ते मुठींत धरले तर त्यांचा गोळा होत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, निरभ्र व शांत रात्रीं बर्फाच्या पृष्ठावर गोठलेल्या दंवाचीं पिसांसारखीं पातळ पानें उभीं राहतात. तीं दिसावयास फार सुंदर. परंतु त्यांवर नवें बर्फ पडलें म्हणजे तींच आंत गाडलीं जाऊन घात करितात.

अशा थरावर वाऱ्यानें दडपून बसविलेलें घट्ट बर्फ साचलें, कीं धोका पुरा झाला. त्यावर माणसाचें वजन पडतांच खालचा कच्चा थर एका ठिकाणीं चिरडतो. वरचा थर लादीसारखा अखंड असल्यामुळें तो भार शेजारच्या कणांवर जातो, तेहि मोडतात, आणि ही चीर क्षणार्धांत सर्व उतारभर धांवते. मग ती सबंध लादी तुटून खालीं घसरूं लागते. बहुतेक लादी-स्खलनें सुमारें 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा घसरत नाहीं, आणि फार उभ्या कड्यावर तें साचूनच राहत नाहीं. वाटसरूंवर कोसळणाऱ्या स्खलनांपैकीं बहुतेकांना त्यांचें किंवा त्यांच्या सोबत्यांचेंच वजन कारण होतें, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सुदैवानें डोंगर पुष्कळदां आधीं सूचना देतो. जवळच्या तशाच उतारावर नुकतेंच बर्फ कोसळलेलें असणें. पावलापासून चिरा फुटत जाणें. पायांखालीं 'धप्प' असा खोल आवाज होऊन बर्फ किंचित् खचणें. एकाएकीं पुष्कळ नवें बर्फ पडणें अथवा वाऱ्यानें वाहून येणें. आणि ऊन किंवा पाऊस यांमुळें झपाट्यानें ऊब वाढणें, हीं तीं चिन्हें होत.

शिवाय जाणते लोक गोरोबांचीच परीक्षा करितात. सुमारें 30 सेंटिमीटर लांबीरुंदीचा बर्फाचा खांब चारी बाजूंनीं मोकळा कापून त्यावर फावडें ठेवितात. त्यावर प्रथम मनगटापासून दहा, नंतर कोपरापासून दहा व शेवटीं खांद्यापासून दहा थापट्या मारितात. थोड्याच थापट्यांत खांब मधूनच सफाईनें तुटला, तर तो उतार वर्ज्य समजावा. मात्र न तुटला म्हणून निर्धास्त होऊं नये; दहा पावलांवर बर्फ निराळें असूं शकतें. आपल्या देशांत या विषयाच्या अभ्यासासाठीं 1969 मध्यें मनालीस एक संस्था स्थापन झाली; 2020 मध्यें ती चंदीगडच्या संरक्षण-संशोधन संस्थेंत विलीन करण्यांत आली.

आपल्याकडे बर्फ नाहीं, पण कच्चा थर आहे. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव 30 जुलै 2014 रोजीं सकाळीं डोंगराखालीं गाडलें गेलें व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. अतिवृष्टीचें पाणी मुरून सुट्या मातीची खडकावरील पकड ढिली झाली, कीं दरड अशी सुटते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत जाडजूड दगडी भिंतींनीं हजारों माणसांचा बळी घेतला, तोहि याच कारणानें: दोन्ही तोंडें दगडाचीं, आणि पोटांत नुसती माती व कपच्या.

दरडीपूर्वींहि अनेकदां जमिनीला भेगा पडतात, झाडें कलतात, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें, दाराची चौकट अडकूं लागते. अशीं चिन्हें दिसतांच सामानसुमान गोळा करीत न बसतां शेजाऱ्यांस हांक मारून उताराखालून दूर व्हावें. विद्यार्थ्यांनीं हीं चिन्हें पाठ करावीं, आणि पालकांनीं मुलानें येऊन सांगितलेल्या भेगेकडे 'पोराची बडबड' म्हणून दुर्लक्ष न करतां एकवार जाऊन पाहून यावें, इतकीच आमची विनंति आहे.